वकीलपत्र घे

लिंबागणेश, ता. जि. बीड

चि. बाळास,


तुझे पत्र मिळाले. तुरीच्या रानात गांजाची झाडे सापडली म्हणून धरलेल्या सालगड्याचे वकीलपत्र घ्यावे की नाही, या विचारात तू पडली आहेस. लोक काय म्हणतील ही धास्ती तुला जास्त दिसते. लोक बोलणारच. नशेने घरे बुडतात, हे मलाही दिसते. म्हणूनच शिक्षा खऱ्या गुन्हेगाराला व्हावी, असे मला वाटते. रानात हजर सापडला म्हणून गडी उचलला आणि पैसा लावणारा बाहेर राहिला, तर पुढच्या पावसाळ्यात तीच झाडे दुसऱ्या रानात उभी राहतील.

सिनेनटाच्या मुलाचे, आर्यन खानचे, प्रकरण तुला आठवत असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला अटक झाली. त्याच्याजवळ अमली पदार्थ सापडला नव्हता, तरी जामिनाला २८ ऑक्टोबर उजाडला. तोही उच्च न्यायालयात, मुकुल रोहतगींसारखे वकील उभे राहिल्यावर. मे २०२२ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीनेच, त्याला दोषारोपपत्रातून वगळले. इतके वकील, इतका पैसा असलेल्या घरातल्या मुलाची ही गत होते, तर ज्याचे घरदार दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघून जाते आणि ज्याला जामीनदारही मिळत नाही, त्याचे काय होत असेल?

अमली पदार्थांच्या कायद्यात शिक्षा कडक आहे, म्हणून कायद्याने पोलिसांनाही नियमांनी बांधले आहे. तुझे काम पहिल्या काही तासांत तयार झालेल्या कागदांवर आहे. सगळ्यात आधी वजन बघ. वीस किलोपेक्षा जास्त गांजा म्हणजे व्यापारी प्रमाण. मग दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी, आणि जामिनाला कलम ३७ आडवे येते: आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. आता कलम २ मधली व्याख्या वाच. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया त्यात धरत नाहीत. रानात मात्र ओली झाडे मुळे, माती, खोडासकट काट्यावर चढतात. शेंडे वेगळे तोलले का, काटा कुणाचा होता, झाडे किती उंचीची होती, त्यांना फुलोरा आला होता का, हे पंचनाम्यात आहे का ते बघ. नसेल तर तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी तिथूनच सुरू कर.

लागवडीचा आरोप मात्र वेगळा. कलम २०(अ) मध्ये वजनाचा प्रश्नच येत नाही, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे रान कुणाचे, पेरले कुणी, पाणी कुणी दिले, हे महत्त्वाचे. कलम ३५ आणि ५४ मुळे गृहीतक आरोपीच्या विरुद्ध जाते, पण ताबा आणि संबंध आधी सरकार पक्षालाच सिद्ध करावा लागतो. बेकायदा लागवडीची खबर देण्याचे कर्तव्य कलम ४६ ने जमीनधारकावर टाकले आहे. ते गड्याच्या गळ्यात पडू देऊ नकोस.

कलम ५० च्या मागे धावू नकोस. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क अंगझडतीपुरता आहे, उभ्या पिकाला तो लागू नाही. नवे वकील नेमके इथेच वेळ घालवतात. त्यापेक्षा नमुने कुठे, कुणासमोर काढले ते शोध. ते दंडाधिकाऱ्यासमोर काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मोहनलाल निकालात सांगितले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की नमुन्यांबाबतचे कलम ५२अ न पाळल्याने खटला आपोआप पडत नाही. म्हणून एका त्रुटीवर भरवसा नको. मालखान्याच्या नोंदी, सील आणि प्रयोगशाळेची पोच या तिन्हींच्या तारखा समोरासमोर ठेव.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. एनसीबीने कलम ६७ खाली घेतलेला जबाबही कबुली म्हणून चालत नाही, हे तोफान सिंग निकालात ऑक्टोबर २०२० मध्ये ठरले. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्राला १८० दिवसांची मुदत आहे. ती सरली की त्याच दिवशी जामिनाचा अर्ज दे. दोषारोपपत्र आधी दाखल झाले, तर तो हक्क जातो. तारीख डायरीत लिहून ठेव.

पंच फोडण्याचा विचार कुणी तुझ्यापुढे मांडला, तर तिथल्या तिथे नकार दे. घरच्यांना सुटकेची हमी देऊ नकोस. 'साहेबांना सांभाळतो' म्हणणाऱ्या दलालापासून त्यांना सावध कर. अशा माणसांपायी बायकांचे मंगळसूत्र गहाण पडलेले मी पाहिले आहे. फीची अडचण असेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. बीडच्या जिल्हा प्राधिकरणात अर्ज कसा करायचा, ते त्याच्या बायकोला नीट समजावून सांग.

सोमवारी कारागृहात त्याला भेट. पंचनाम्याची नक्कल माग आणि त्या गटाचा सातबारा तलाठ्याकडून काढून घे.

तुझा मामा