आजीचे गाणे संगणकात

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरत नसत. मोठ्या कर्ण्याजवळ तोंड नेऊन जोरात गावे लागे. आवाजाने सुई थरथरे आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जाई. आता सोलापुरातल्या एखाद्या लहान खोलीतही आजीचे पाळणागीत जपून ठेवता येते.

त्यासाठी मायक्रोफोन, संगणक आणि ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. मायक्रोफोन आवाजाच्या लहरींपासून विजेच्या लहरी तयार करतो. पण संगणकाला फक्त आकडे समजतात. म्हणून ही पेटी त्या लहरी मोजते, एका सेकंदात साधारण ४४,१०० वेळा!

पेटी यूएसबी तारेने संगणकाला जोडावी. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन असेल, तर ४८ व्होल्टचे बटण दाबावे. मग आजीला सर्वांत उंच स्वर लावायला सांगावे. तांबडा दिवा लागला, तर 'गेन'ची कळ कमी करावी. लहरीचा माथा एकदा कापला गेला, की तो नीट जुळत नाही. आवाज क्षीण असेल, तर कळ फार वाढवू नये, पंख्याची घरघरही वाढेल. त्यापेक्षा मायक्रोफोन वीतभर अंतरावर आणावा.

खोली घुमत असेल, तर आजीच्या पाठीमागे दोरीवर जाड सोलापुरी चादर टांगावी. शेजारच्या यंत्रमागाची खटखट मात्र चादरीने अडत नाही. वीज गेली की माग थांबतो, पण मग टेबलावरचा संगणकही बंद पडतो! मागाला सुट्टी असेल, तोच दिवस निवडावा.