माजाच्या हंगामातील मोकाट घोडे व घरची घोडी

कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा येथे नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग एकत्र येतात. वरातीची घोडी, वीटभट्टीवरील तट्टे, मेंढपाळांच्या बिऱ्हाडाची ओझी वाहणारी घोडी अशी निरनिराळ्या धन्यांची जनावरे अशा ठिकाणाहून ये-जा करीत असतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस घोड्यांचा व गाढवांचा मोठा बाजार भरतो. तेथे खरेदी झालेली जनावरे पुढे गावोगाव पांगतात. अशा परिसरात आवर न घातलेला एखादा अंडील घोडा मोकळा सुटल्यास काय होते, हे ग्रामसेवकांनी व घोडी बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी नीट समजून घ्यावे.

आपल्या भागात खरे रानघोडे नाहीत. आसामातील डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात जे घोडे रानात राहतात, तेही मुळात पाळीव घोड्यांचे रानटी झालेले वंशज होत. मंगोलियातील तखी हा मात्र खरा रानघोडा मानला जातो. तो रानातून नाहीसा झाला होता आणि १९९२ पासून त्यास पुन्हा तेथे सोडण्यात आले. या घोड्यांच्या रक्षकांना एक निराळीच काळजी वाहावी लागते. तखी व पाळीव घोडा यांचा संकर होतो व ती संतती जननक्षम असते, म्हणून दोघांस एकमेकांपासून दूर ठेवावे लागते. तात्पर्य, घोडा रानातील असो वा गावातील, माजावर आलेल्या घोडीकडे तो ओढला जातोच.

याचे कारण घोड्यांच्या कळपाच्या रचनेत आहे. एक प्रौढ घोडा, काही घोड्या व त्यांची शिंगरे असा कळप असतो. नर शिंगरू दोन-तीन वर्षांचे झाले की कळपाबाहेर पडते आणि अशी तरुण नरे आपापसांत टोळी करून हिंडतात. घोडी मिळविण्याची धडपड हीच नरे अधिक करतात. सुटलेल्या घोड्याचेही तसेच असते. तो माणसाकडे येतो तो बहुधा माणसासाठी नव्हे, तर माणसाजवळील घोडीसाठी. घोडीस खरारा करून आलेल्या माणसाच्या कपड्यांना तिचा वास असतो, हेही विसरू नये.

दिवस मोठा होऊ लागला की घोडी माजावर येऊ लागते. आपल्याकडे ऋतूंचा फरक उत्तरेइतका तीव्र नसल्याने, चारापाणी चांगले असल्यास काही घोड्या इतर महिन्यांतही माज दाखवितात. परंतु भर असतो तो उन्हाळ्याच्या तोंडास, आणि नेमका त्याच वेळी रब्बी निघून शिवार मोकळे होते व जनावरे सैल सोडली जातात. माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असून माज पाच ते सात दिवस टिकतो. व्यालेली घोडी सात ते दहा दिवसांत पुन्हा माजावर येते. शिंगरू लहान म्हणून ती सुरक्षित आहे, असे समजणे चुकीचे आहे.

घोड्याची लक्षणे दुरूनच ओळखता येतात. मान कमानीसारखी करून तो खिंकाळतो, फुरफुरतो, लिदीच्या ढिगाचा वास घेतो व वरचा ओठ उचलून धरतो. एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. परंतु कान मागे पाडून, मान जमिनीलगत ताणून तो चालून येऊ लागला, म्हणजे तो घोडीस हाकून नेण्याच्या बेतात आहे असे समजावे. अशा वेळी दोघांच्या मध्ये उभे राहणे हे जिवावर बेतणारे आहे. स्वार असल्यास घोडा दूर असतानाच उतरावे व घोडीस भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आड न्यावे. तो अगदी जवळ आला असेल, तर दोर हाताला गुंडाळून न ठेवता घोडी सोडून द्यावी. घोडी परत मिळते. दगड मारणे हा गावचा आवडता उपाय आहे, पण त्याने घोडा बिथरतो आणि महामार्गाकडे पळतो. रात्रीच्या वेळी त्यातून कोणता प्रसंग ओढवेल हे सांगावयास नको.

घोडी माजावर असताना तिला रस्त्याकडेला अगाडी-पिछाडी लावून एकटी ठेवू नये. बांधलेली घोडी नको असलेल्या घोड्यापासून स्वतःस वाचवू शकत नाही व दुगाण्या झाडताना दाव्यात अडकून मोडते. तिला बंदिस्त जागेत ठेवावे. नको असलेला संयोग झालाच, तर वाट पाहू नये. गर्भ राहिला किंवा नाही हे सोनोग्राफीने पंधराव्या दिवसाच्या सुमारास कळू शकते. गर्भ नको असल्यास पशुवैद्यकाचा उपाय पहिल्या महिन्यात सोपा असतो, सुमारे ३५ दिवसांनंतर तो कठीण होतो. दुर्लक्ष केल्यास अकरा महिन्यांनी अनोळखी बीजाचे शिंगरू पदरी येते आणि तेवढा काळ घोडीच्या कामाचेही नुकसान होते.

यापेक्षाही मोठा धोका रोगाचा आहे. मोकाट घोड्याबरोबर ग्लँडर्स येऊ शकतो. नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण, कातडीवर गाठी व फोड ही त्याची लक्षणे होत. हा रोग माणसासही होतो, व २००६ साली महाराष्ट्रातही त्याची नोंद झाली होती. संशय येताच जनावर वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. रोगाची माहिती देणे २००९ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. अनोळखी घोडा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

मूळ उपाय घोड्याच्या धन्याच्या हाती आहे. पैदाशीसाठी न ठेवावयाचा नर एक ते दोन वर्षांच्या वयात, थंडीच्या दिवसांत, पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावा व धनुर्वाताची लस द्यावी. आख्ता झालेला घोडाही काही आठवडे जुनी खोड सोडीत नाही, तेव्हा किमान महिनाभर त्यास घोड्यांपासून दूर ठेवावे. धन्याचा पत्ता लागत नसेल, तर ग्रामपंचायतीने घोडा कोंडवाड्यात घ्यावा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्यात 'गुरे' या शब्दात घोडे, शिंगरे व खेचरेही येतात. मात्र कोंडवाड्यात त्याला इतर घोड्यांजवळ बांधू नये, आणि पाण्याचा हौदही पशुवैद्यकाची तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवावा.