चाकांवरचे घर

अमेरिकेच्या उत्तर भागात नॉर्थ डाकोटा हे राज्य आहे. त्याच्या पूर्व सीमेवरून रेड नदी वाहते आणि तिच्या काठी फार्गो हे शहर वसलेले आहे. येथील हिवाळा मोठा कडक. जानेवारी महिन्यात पारा कधी कधी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. जमीन दगडासारखी घट्ट होते आणि नदीवर बर्फाचा जाड थर साचतो. एप्रिल आला की हा थर वितळू लागतो. परंतु रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वरच्या अंगाचे पाणी मोकळे होऊन धावू लागते, तेव्हा खालच्या अंगाचे पात्र अजून गोठलेलेच असते. पाण्याला पुढे वाट मिळत नाही, म्हणून ते काठांवर चढते. अशा रीतीने फार्गोमध्ये वसंत ऋतू बहुधा पुराची धास्ती बरोबर घेऊनच येतो.

२०२३ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस पूर ओसरू लागला, तेव्हा शहराबाहेरील एका मोठ्या आवारात एक वृद्ध जोडपे आले. पतीचे वय ६९ वर्षांचे, पत्नीचे ६७. आपल्याकडे मुलांनी त्यांना आजोबा-आजीच म्हटले असते; तेव्हा येथेही तसेच म्हणावे. त्यांचे घर त्या आवारात सहा महिने उभे होते. घर उभे होते ह्यात नवल ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु हे घर चालणारे होते.

अशा घराला तेथे आर. व्ही. म्हणतात. बाहेरून पाहिले तर ती एक लांबट, पांढरी मोटार दिसते. आत मात्र निजण्यासाठी पलंग, जेवणासाठी घडीचे मेज, दोन शेगड्यांची चूल, शीतपेटी, लहानसे स्नानगृह आणि भिंतीला लागून कपाटे, असा सारा संसार बसविलेला असतो. जमिनीखाली तीन टाक्या असतात. एकीत पिण्याचे पाणी, दुसरीत भांडी धुतल्याचे व आंघोळीचे सांडपाणी, तिसरीत शौचालयातील मैला. पहिली टाकी भरणे आणि उरलेल्या दोन ठरवून दिलेल्या जागीच रिकाम्या करणे, हे ह्या घरातील नित्याचे काम. ते कोणालाच आवडत नाही, आणि कोणालाच टाळता येत नाही.

घर बरोबर घेऊन हिंडण्याची ही हौस अमेरिकेत जुनी आहे. १९१९ साली फ्लॉरिडातील टॅम्पा शहरी अशा प्रवाशांनी एक मंडळ स्थापन केले. मोटारीत डबाबंद अन्न घेऊन ते फिरत, म्हणून मंडळाचे नावच 'पत्र्याच्या डब्यांचे प्रवासी' अशा अर्थाचे पडले, आणि सभासद आपल्या मोटारीच्या पुढील भागावर खूण म्हणून एक रिकामा डबा मिरवीत. पुढे १९६० नंतरच्या दशकात कारखान्यांतून अशी घरे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. काही लोक सुटीपुरते त्यांत राहतात. काही निवृत्त झाल्यावर विटामातीचे घर विकून कायमचेच त्यांत राहावयास जातात. आणि काही असेही असतात, की ज्यांच्यापाशी राहावयास दुसरे छप्परच उरलेले नसते. २००८ सालच्या आर्थिक संकटात कित्येकांची घरे गेली. मोटारीत राहून गावोगाव काम शोधणाऱ्या अशा वृद्ध माणसांविषयी जेसिका ब्रूडर ह्या लेखिकेने २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावर निघालेल्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर पारितोषिकही मिळाले.

आजोबा-आजींची गत ह्या दोहोंच्या मधली होती. आजोबा एका छापखान्यात यंत्र चालवीत. ते ६२ वर्षांचे असताना छापखाना बंद पडला. अमेरिकेत ६२ व्या वर्षापासून सरकारी निवृत्तिवेतन घेता येते; परंतु पूर्ण वेतनाचे वय त्याहून चार-पाच वर्षे पुढे असते, आणि आधी घेणाऱ्यास जन्मभर दरमहा कमीच रक्कम मिळते. आजोबांना थांबणे शक्य नव्हते. त्यांनी कमी वेतन पत्करले. दोघांच्या वेतनात अन्न, औषधे आणि विमा एवढे भागत असे. पेट्रोल, दुरुस्ती आणि मुक्कामाचे भाडे ह्यांसाठी काही उरत नसे. म्हणून उन्हाळ्यात फिरावयाचे आणि थंडीत कमवावयाचे, असा त्यांनी परिपाठ ठेवला होता.

ही कमाई ऑक्टोबरच्या आरंभी सुरू झाली. रेड नदीच्या खोऱ्यात शर्कराकंदाची, म्हणजे साखरेच्या बीटची, अफाट शेती आहे. आपल्याकडे साखर उसापासून निघते, तेथे ती ह्या पांढऱ्या कंदापासून काढतात. थंडीने जमीन घट्ट होण्यापूर्वी सारे कंद वर काढावे लागतात. म्हणून शेतांतून रात्रंदिवस काम चालते आणि मजुरांच्या पाळ्या बारा बारा तासांच्या असतात. हवा फार उबदार झाली तरी काम थांबवितात, कारण गरम कंद ढिगात रचला तर कुजतो. शेतांवरून ट्रक येतात आणि कंदांचे डोंगराएवढे ढीग यंत्राने रचले जातात. ट्रकचालकांना हाताने इशारे करून जागेवर आणणे, आणि साखरेचे प्रमाण तपासण्यासाठी पिशवीत थोडे कंद भरून घेणे, हे दोघांचे काम. आजोबांनी रात्रपाळी घेतली होती. पहाटेच्या वाऱ्यात त्यांची बोटे इतकी बधिर होत, की घरी आल्यावर आजीलाच त्यांच्या अंगरख्याच्या गुंड्या काढाव्या लागत.

हंगाम संपल्यावर त्यांनी शहरात एक खोली भाड्याने घेतली. आजोबा लोखंडी सामानाच्या दुकानात नळांच्या विभागात उभे राहू लागले. आजी एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचे जेवण वाढू लागली. दिवसभर उभे राहून आजोबांचा गुडघा सुजे. तथापि दर आठवड्याला मिळणाऱ्या पैशांतून काही रक्कम आजी एका वहीत वेगळी मांडून ठेवी. वहीच्या पहिल्या पानावर तिने प्रवासाचा नकाशा चिकटविला होता. नॉर्थ डाकोटा ओलांडून पश्चिमेस, तेथून यलोस्टोनची उष्ण पाण्याची कारंजी, आणि तेथून थेट पॅसिफिक महासागराचा किनारा. दोघांनीही समुद्र अद्याप पाहिला नव्हता.

आवारात आल्यावर आजोबांनी प्रथम दार उघडले. आत कोंदट वास येत होता. पलंगाखाली उंदराने कागदाच्या चिंध्यांचे घरटेही केले होते. तेवढ्याने त्यांना काही वाटले नाही. खरी परीक्षा पाण्याची होती.

पाणी गोठले म्हणजे आकसत नाही, फुगते. त्याचे आकारमान सुमारे एक-अकरांशाने वाढते. नळीत पाणी राहिले आणि ते गोठले, तर नळी फुटते. म्हणून हिवाळ्यापूर्वी सर्व नळ्या रिकाम्या करून त्यांत न गोठणारे एक गुलाबी, बिनविषारी द्रव भरून ठेवतात. आजोबांनी नोव्हेंबरात तसे केले होते. आता त्यांनी टाकीत स्वच्छ पाणी भरले आणि पंप सुरू केला. नळांतून आधी गुलाबी, मग फिकट आणि अखेर नितळ पाणी आले. आजीने समाधानाने मान हलविली. इतक्यात भिंतीच्या आतून बारीक फुसफुस ऐकू आली. गाडीच्या बाहेरच्या अंगाला चिखलाचे पाय धुण्यासाठी एक फवारा असतो. त्याची नळी रिकामी करावयाची राहून गेली होती. वितीएवढ्या त्या नळीत ओंजळभरही पाणी नसेल, पण तेवढ्याने एल्बो चिरला होता.

पूर्वीच्या वर्षी असे घडते, तर कारागीर बोलवावा लागला असता. ह्या वेळी आजोबांनी एल्बो पाहताच त्याचे माप सांगितले. आठ महिन्यांपूर्वी ज्या वस्तूचे नावही त्यांना ठाऊक नव्हते, ती थंडीभर त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना काढून दिली होती. तासाभरात नवा एल्बो बसला. मग टाकीत थोडे ब्लीच मिसळून पाणी रात्रभर ठेवले आणि सकाळी ते सोडून दिले. टाकी शुद्ध झाली.

दुसरे संकट मात्र डोळ्यांना दिसत नव्हते. गाडीला सहा टायर होते: पुढे दोन, आणि मागे, मालमोटारीला असतात तशी, जोडचाके. आजोबांनी त्यांत हवा भरली. रबरावरील नक्षी खोल आणि ठसठशीत होती. वर्षातून चार महिनेच धावणाऱ्या गाडीचे टायर झिजणार कोठून? आजी खाली वाकली आणि टायरच्या बाजूवरील अक्षरे बोटाने पुसू लागली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टायरवर संकेताक्षरांचा एक गट असतो. त्यातील शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष.

"२२१३," तिने मोठ्याने वाचले. २०१३ सालचा बाविसावा आठवडा. टायर दहा वर्षांचे होत आले होते.

रबर धावून जसे झिजते, तसे नुसते उभे राहूनही जुने होते. ऊन आणि हवा ह्यांनी ते आतून कडक बनते, बाजूस केसासारख्या भेगा पडतात, आणि भरधाव जाताना असा टायर एकाएकी फुटू शकतो. पुढचा टायर फुटला, तर पाच टनांचे घर क्षणात रस्ता सोडते. आजोबांनी चष्मा लावून भेगा पाहिल्या. "नक्षी तर चांगली आहे," ते म्हणाले. "हळू गेलो, तर किनाऱ्यापर्यंत जाता येईल."

आजीने उत्तर दिले नाही. तिने पिशवीतून वही काढली आणि गाडीच्या पायरीवर बसून बेरजा केल्या. सहा टायरांना हजाराहून अधिक डॉलर पडणार होते. तेवढ्यात बहुतेक सारे पेट्रोल आले असते. एका बाजूला समुद्र होता, दुसऱ्या बाजूला सहा टायर. आजोबा उगीचच चाकांभोवती दोन फेऱ्या मारून आले. शेवटी तेच म्हणाले, "दुकानदार संध्याकाळी पाचपर्यंत असतो."

आजीने नकाशावर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे यलोस्टोन आणि समुद्र राहिले. अलीकडे, राज्याच्या पश्चिम टोकाला, मेदोरा नावाचे लहानसे गाव होते. मे महिना तेथे काढावयाचा आणि जूनमध्ये एका मुक्कामतळावर राखणदारीचे काम धरावयाचे, असे ठरले. अशा कामात प्रवाशांना जागा दाखविणे, तळ स्वच्छ ठेवणे हे करावे लागते. मोबदल्यात गाडी उभी करण्यास जागा मिळते.

मेच्या पहिल्या आठवड्यात, नव्या टायरांवर, घर रस्त्याला लागले. फार्गोहून मेदोरा सुमारे सव्वापाचशे किलोमीटर. एवढे अंतर मोटार एका दिवसात तोडते. ह्या घराला मात्र एका लिटरला चार-साडेचार किलोमीटरच जाता येते, आणि आजोबांचा गुडघाही दर तासाला विसावा मागतो. जेम्सटाउन गावी रस्त्यावरूनच काँक्रीटचा एक प्रचंड गवा दिसतो. १९५९ साली उभारलेला हा पुतळा जवळजवळ आठ मीटर उंच आहे. त्याच्या पायाशी उभे राहून दोघांनी भाकरतुकडा खाल्ला. बिस्मार्क शहराजवळ त्यांनी मिसुरी नदी ओलांडली आणि रात्री तेथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडे जाता जाता आजीने घड्याळ एक तास मागे केले. अमेरिका इतकी रुंद आहे, की एकाच राज्यात दोन वेळा पाळाव्या लागतात.

मेदोराजवळ सपाट माळ एकाएकी संपतो. लिटल मिसुरी नदीने, पावसाने आणि वाऱ्याने कोरलेल्या टेकड्या पसरलेल्या दिसतात: राखाडी, तांबड्या, पिवळ्या मातीचे एकावर एक पट्टे असलेल्या. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट १८८३ साली येथे गव्याच्या शिकारीस आले होते; आज त्यांच्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानात गव्यांचे रक्षण केले जाते. एक कळप रस्त्यावर आडवा आला, तेव्हा आजोबांनी गाडी थांबविली. गव्यांना घाई नव्हती. अर्धा तास गेला, तरी आजीनेही घड्याळाकडे पाहिले नाही.

उद्यानाबाहेर सरकारी गवताळ प्रदेश आहे. तेथे काही दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. मात्र नळ नाही, वीज नाही, शेजारी नाही. आजोबांनी जागा निवडली, आणि आत जमिनीवर पाणसळ ठेवून चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवू लागले. घर सपाट उभे राहणे येथे अगत्याचे असते, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. ह्या घरातील शीतपेटी वायूच्या ज्योतीवर चालते. ज्योत अमोनिया तापविते. त्याची वाफ नळ्यांतून चढते, थंड होऊन द्रव बनते, आणि पुन्हा वाफ होताना पेटीतील उष्णता शोषून घेते. १९२२ साली स्वीडनमधील प्लाटेन आणि मुंटर्स ह्या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधली. तीत पंप नाही की फिरणारे चाक नाही; द्रव आपल्या भाराने खाली उतरते. घर कलले, तर ते वाटेतच अडून राहते आणि पेटी गार होत नाही.

बुडबुडा मधोमध आला. आजोबांनी ज्योत पेटविली. आजीने बर्फाच्या साच्यात पाणी ओतून तो वरच्या कप्प्यात ठेवला आणि ती वही घेऊन बसली. टायर, पेट्रोल, एल्बो, असे आकडे तिने मांडले. बाहेर अंधार पडला होता आणि दूर टेकड्यांत कोल्हे ओरडत होते.

पहाटे गवतात माळावरच्या पक्ष्याची शीळ ऐकू आली. आजीने शीतपेटीचे दार उघडले, साचा पिळला, आणि दोन खडे पेल्यात टाकून पाण्याचा पेला आजोबांपुढे ठेवला. आजोबा खिडकीतून पश्चिमेकडे पाहत होते.

"टायर आता सहा-सात वर्षे टिकतील," ते म्हणाले.

आजीने वही उघडली, आणि नकाशावरील पेन्सिलीची रेघ खोडरबराने पुसू लागली.