कुरूपांची कैफियत

प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो, "एकच प्राणी वाचवायचा झाला तर कोणता वाचवाल?" वाघ, हत्ती, मोर ही उत्तरे ठरलेली. वटवाघळाचे नाव आजवर कोणी घेतलेले नाही. वास्तविक आपल्या बेळगाव जिल्ह्याचे नाव जगाच्या प्राणिशास्त्रात गेले ते एका वटवाघळामुळेच.

विलायतेत सायमन वॉट नावाच्या जीवशास्त्रज्ञाला हेच खटकले. पांडाला देणग्या मिळतात. बेडकाला, गोगलगाईला कोण विचारतो? त्याने २०१२ साली 'अग्ली अॅनिमल प्रिझर्वेशन सोसायटी' काढली. नाव संस्थेचे, पण काम रंगमंचावरचे. एका प्रयोगात सहा विनोदी कलावंत, प्रत्येकाला दहा मिनिटे, प्रत्येकाने एका कुरूप प्राण्याची वकिली करायची आणि शेवटी प्रेक्षकांनी मते देऊन एकाला मानचिन्ह ठरवायचे. २०१३ मध्ये सर्वांसाठी मतदान झाले. तीन हजारांवर मते पडली आणि ७९५ मते मिळवून ब्लॉबफिश हा खोल समुद्रातला मासा निवडून आला. ज्याचे नावही लोकांना ठाऊक नव्हते, तो वर्तमानपत्रांतून जगभर गेला.

पण येथे एक गोम आहे. हा मासा ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात सुमारे ६०० ते १२०० मीटर खोलीवर राहतो. त्याचे अंग जेलीसारखे मऊ असते आणि भोवतालच्या पाण्याच्या प्रचंड दाबामुळेच ते आकारात राहते. तेथे तो चारचौघांसारखा मासाच दिसतो. जाळ्यात सापडून वर आला की दाब सुटतो, देह ढासळतो आणि ते लोंबत्या नाकाचे रडके तोंड तयार होते. म्हणजे जग ज्या चेहऱ्याला हसले तो त्याचा नव्हेच; आपल्या जाळ्याने केलेली ती दुर्दशा आहे. उपक्रम चांगला, हेतूही चांगला, तरी हे कळल्यापासून मला ते चित्र पाहून हसू येत नाही.

अशीच चूक मीही केली. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या परिसरातील एका गुहेत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे जगात ते याच एका गुहेत असल्याची नोंद होती; नंतर मेघालयात आणि कंबोडियात आढळले. शेपटी पडद्याबाहेर मोकळी, कान कपाळावर जुळलेले आणि एवढे मोठे की नाकाच्याही पुढे आलेले! १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टात वाघाच्या पंक्तीला बसवले. त्याच कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना मात्र २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींत टाकले होते. विनोदाला याहून चांगला माल कोठे मिळणार?

स्नेहसंमेलनात आमच्या एका विद्यार्थ्याने कानांना दोन सुपे बांधली, काखेत मोडकी काळी छत्री धरली आणि दहा मिनिटे सभागृह डोक्यावर घेतले. मी खूष! दुसऱ्या दिवशी आठदहा मुले दारात उभी. "सर, त्या गुहेकडं कसं जायचं हो? रविवारी मोटारसायकली काढतो. टॉर्च हाय आमच्याकडं."

माझ्या पोटात गोळा आला. दिवसा झोपलेल्या वटवाघळांवर उजेड मारला, गोंगाट केला की ती बिथरतात. वारंवार झाले तर वस्ती सोडून जातात. आम्ही कुतूहल जागे केले होते, पण जबाबदारी नव्हे. (गुहेचे नाव म्हणूनच येथे लिहिलेले नाही. जिज्ञासूंनी रागावू नये.)

मग मी आपल्याच परंपरेकडे वळलो. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात आपण हसतो ते विंचवाला नव्हे, नांगी लागलेल्या माणसाला, म्हणजे स्वतःलाच. यक्षगानातला हास्यगार आणि तमाशातला सोंगाड्या हेही थोरामोठ्यांचीच फजिती करतात. दुबळ्याला टपली मारून मिळणारे हसू स्वस्त असते. आमच्या प्रवेशात टपली चुकीच्या डोक्यावर बसली होती.

म्हणून तो पुन्हा लिहिला. आता वटवाघूळ हा घरधनी, रात्रपाळी करून, पोटभर किडे खाऊन नुकताच आडवा... नव्हे, उलटा झालेला. विनोदी पात्र आहे टॉर्चवाला. "पाव्हणं, भर दुपारी माणसाच्या घरात शिरून तोंडावर दिवा मारायची रीत तुमच्यात आहे काय?" असे घरधनी विचारतो आणि टॉर्चवाल्याला उत्तर सुचत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका खेड्यात हा प्रयोग केला. हशा पूर्वीपेक्षा कमीच झाला, हे कबूल केले पाहिजे. पण गुहेचा रस्ता कोणी विचारला नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र, गोठ्याच्या आढ्याला पाकोळ्या आहेत, त्यांना धूर घालावा की नको, असे विचारले. त्यावर आम्ही तासभर बोलत बसलो.

यंदा कन्नड विभागाच्या मुलांनी हा प्रवेश आपल्या भाषेत बसवायला घेतला आहे. वटवाघूळ व्हायला तिघे तयार आहेत. टॉर्चवाला व्हायला अजून कोणी मिळालेला नाही.