यंत्राच्या पटावरील हल्ला

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी १० फेब्रुवारी १९९६ रोजी बुद्धिबळाचा एक विलक्षण डाव मांडला गेला. काळी मोहरी होती जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हची. पांढऱ्या मोहऱ्यांच्या मागे मात्र कोणी मनुष्य नव्हता. आय.बी.एम. कंपनीने तयार केलेला ‘डीप ब्लू’ नावाचा संगणक त्या बाजूने खेळत होता. डाव रंगात आला, तेव्हा कास्पारोव्हने आपला हत्ती, घोडा आणि एक धीट प्यादे पांढऱ्या राजाच्या रोखाने पुढे आणण्यास आरंभ केला. मुलांनो, अशा वेळी तुम्ही काय केले असते? दूरची मोहरी धावतपळत राजाच्या रक्षणास आणली असती, नाही का? डीप ब्लूच्या वजिराने व घोड्याने मात्र पटाच्या दुसऱ्या टोकाची एकेक प्यादी टिपली! घराला आग लागत असता परसातील पेरू तोडीत बसावे, तसाच हा प्रकार.

हे धाडस म्हणावे, की निष्काळजीपणा? ते ठरविण्यापूर्वी यंत्र पट कसा वाचते, हे पाहावयास हवे.

यंत्राला भीती ठाऊक नाही आणि आशाही ठाऊक नाही. त्याला ठाऊक असतात केवळ अंक. पटावरील प्रत्येक स्थितीला ते एक अंक देते. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात ही रीत मांडली. प्याद्याचे मोल १ धरले, तर घोडा व उंट यांचे प्रत्येकी ३, हत्तीचे ५ आणि वजिराचे ९. राजाला त्याने २०० गुण दिले. कारण राजा गेला, की सारेच गेले.

परंतु हल्ल्याचे मोल या बेरजेत सापडत नाही. हल्ला करणारा पुष्कळदा आपण होऊन एखादे मोहरे बळी देतो, आणि बेरीज तर तोटाच दाखविते! म्हणून पुढे यंत्राला राजाभोवतालची घरे मोजावयास शिकविण्यात आले. त्या घरांवर शत्रूची किती मोहरी रोखलेली आहेत? राजापुढील प्याद्यांची भिंत शाबूत आहे, की तिला खिंडार पडले आहे? यातील मौज अशी, की धोका साध्या बेरजेने वाढत नाही. वाड्यात शिरलेला एकटा चोर सहज पकडला जातो. पण दोघेतिघे मिळून आले, म्हणजे प्रसंग कठीण. त्याप्रमाणेच ‘स्टॉकफिश’ या प्रसिद्ध प्रणालीच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत राजाच्या धोक्याचा अंक वर्गाच्या हिशेबाने वाढवीत असत. शत्रूचा वजीर पटावरून गेला, की तोच अंक झपाट्याने उतरे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. मारामारी चालू असता मध्येच हिशेब करून चालत नाही. वजिराने प्यादे मारले, एवढेच पाहिले तर एका गुणाचा लाभ. पण पुढच्याच खेळीत तो वजीर मारला जाणार असेल तर? म्हणून यंत्र मारामारी संपेपर्यंत पुढे पाहत जाते आणि पट शांत झाल्यावरच अंक देते.

डीप ब्लू दर सेकंदास सुमारे १० कोटी स्थिती तपासत असे. चौतिसाव्या खेळीत कास्पारोव्हच्या घोड्याने पांढऱ्या राजाजवळचे प्यादे मारले. आता पुढच्या खेळीत हत्तीने मात! पण ती पुढची खेळी आलीच नाही. यंत्राने शहावर शह दिले, आणि सदतिसाव्या खेळीनंतर कास्पारोव्हने डाव सोडला. हल्ला एका खेळीने उशिरा पोहोचला होता. नियमित स्पर्धेच्या वेळेत विद्यमान जगज्जेत्याला यंत्राने हरविल्याचा हा पहिलाच प्रसंग. तो सामना कास्पारोव्हने पुढे ४-२ असा जिंकला. १९९७ साली मात्र सामनाही यंत्राने जिंकला.

पुढे २०१७ साली लंडनच्या डीपमाइंड संस्थेने ‘अल्फाझीरो’ घडविले. त्याला मोहऱ्यांचे मोल कोणी सांगितलेच नाही. खेळाचे नियम तेवढे दिले. बाकी सारे ते स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून शिकले. प्यादी, प्रसंगी मोठी मोहरीसुद्धा देऊन ते प्रतिस्पर्धी राजाची कोंडी करी. मला तर त्याचे डाव डीप ब्लूच्या डावांहून अधिक देखणे वाटतात. स्टॉकफिशनेही २०२४ साली माणसांनी लिहिलेले ते जुने हिशेब पुरते काढून टाकले. आज अशा यंत्राला विचारावे, की हा घोडा का दिलास, तर ते एक अंक आणि पुढच्या काही खेळ्या दाखविते. कारण आपले आपणच पटावर बसून शोधावे लागते.