मोबाईलवरचा ‘प्लास्टिकचा’ तांदूळ

रेशनच्या तांदळाचा भात शिजवायचा, त्याचा घट्ट गोळा वळायचा आणि फरशीवर आपटायचा. गोळा चेंडूसारखा उडतो, मागून पोरांचा हशा ऐकू येतो आणि पडद्यावर मोठी अक्षरे येतात: ‘प्लास्टिकचा तांदूळ, सावधान!’ हा व्हिडिओ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, पुढेही पाठवला असेल. पाहताना गंमत वाटते, यात शंका नाही. पण हसून झाले की घरातली बाई सुपात तांदूळ घेऊन बसते आणि त्यातले वेगळे दिसणारे, जरा पिवळसर दाणे एकेक करून निवडून टाकते. हे दाणे टाकण्यासारखे नसतात.

आधी गोळ्याचे बघू. तांदळात पिठूळ पदार्थ भरपूर असतो, त्याला स्टार्च म्हणतात. शिजल्यावर तो चिकट आणि लवचिक होतो. म्हणून कोणत्याही तांदळाचा भात घट्ट वळून आपटला तर थोडाफार उडतोच. घरचा कोलम घ्या, इंद्रायणी घ्या, करून बघा. मुलांना मजा येईल. ‘जाळला तर जळतो’ हीदेखील प्लास्टिकची खूण नव्हे. तांदूळ जाळला की कोळसा होणारच. खरे प्लास्टिक पातेल्यात उकळत ठेवले तर त्याचा भात होणार नाही. आणि व्यवहाराचा प्रश्न आहेच: भेसळ करणारा स्वस्त वस्तू महागात मिसळतो. रेशनच्या तांदळात प्लास्टिक घालून त्याला काय परवडणार?

मग ते वेगळे दाणे कशाचे? २०२१ साली केंद्र सरकारने रेशनवर पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षांत तो टप्प्याटप्प्याने दुकानांत, शाळेच्या पोषण आहारात आणि अंगणवाडीत आला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात. साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे असा साधारण एक दाणा मिसळलेला असतो. रंग किंचित वेगळा, काही पाण्यावर तरंगतात. संशय येतो तो इथेच. सरकारने दाणे मिसळले, पण ते कशासाठी हे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला कुणी नीट सांगितले नाही, आणि ती जागा मोबाईलने भरून काढली. दोष फक्त पाहणाऱ्यांवर टाकून चालणार नाही.

लोह कशाला हवे, तेही आकड्यात पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयी आढळली. म्हणजे आपल्या गल्लीतल्या दर दोन बायकांपैकी एक. जिना चढताना धाप लागते, पोर अभ्यासाला बसले की पेंगते, याला आळस म्हणून मोकळे होऊ नये. पोषणयुक्त तांदळाने हे सगळे एकदम बरे होईल असे नाही. पण जेवढे लोह ताटात येते आहे तेवढे सुपातून बाहेर का टाकायचे? तांदूळ एक-दोनदाच धुवावा, बेताच्या पाण्यात शिजवावा, पेज काढली तर ती प्यावी. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल (विदर्भातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे) तर या तांदळाबद्दल डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

‘प्लास्टिकचे अंडे’ हाही याच घरातला भाऊ. अंड्याच्या कवचाच्या आत एक पातळ पापुद्रा असतो, तो ओढला की प्लास्टिकच्या कागदासारखा निघतो. अंडे अति थंडीत गोठले तर बलक रबरासारखा होतो. तेवढ्यावर व्हिडिओ उभा राहतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही प्लास्टिकचे अंडे ही अफवा असल्याचे जाहीर केले आहे. सहा ग्रॅम उत्तम प्रथिने देणारी वस्तू अशा अफवेमुळे पोराच्या ताटातून गेली, तर नुकसान पोराचेच.

म्हणून मोबाईल बंद करा, असे मी म्हणणार नाही. याच मोबाईलने उलट कामही केले आहे. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटाच्या डब्यावरची माहिती वाचून दाखवणारा एक छोटा, मिश्कील व्हिडिओ टाकला. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत साखर किती लिहिली आहे, एवढेच त्याचे भांडवल होते. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली. त्याने व्हिडिओ काढून टाकला आणि माफीही मागितली. पण तोवर तो लाखो लोकांपर्यंत पोहोचला होता. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीला जाब विचारला. त्याच वर्षाच्या अखेरीस १०० ग्रॅम पावडरीत वरून घातलेली साखर सुमारे ३७ ग्रॅम होती ती ३२ च्या आसपास आली, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितले की अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात ठेवू नका. आपल्या अन्न कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही! आपण मात्र वर्षानुवर्षे पोटाला चिमटा काढून तो डबा आणत होतो, कारण जाहिरातीतली आई तोच आणत होती.

३२ ग्रॅमही कमी नाहीत, हे लक्षात असू द्या. डब्याचा तिसरा हिस्सा साखर, आणि त्यावर आपण कपात आणखी चमचाभर घालतो.

या व्हिडिओतून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे पुडा उलटा करून वाचणे. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते पहिले. साखर किंवा पामतेल पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर वरच्या गव्हाच्या ओंबीच्या चित्राला भुलू नका. थंड पेयाच्या बाटलीवर १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. २५० मिलीची बाटली म्हणजे २६ ग्रॅमच्या आसपास, पाच भरलेले चमचे. मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाचवी-सहावीतल्या मुलीला हा हिशेब करायला सांगा आणि पाच चमचे साखर वाटीत काढून तिचा व्हिडिओ तिलाच काढू द्या. घरच्या माणसाचा व्हिडिओ शेजारीपाजारी सगळे बघतात.

ज्या व्हिडिओपासून खरोखर दूर राहायचे, तो वेगळा. ‘हा काढा प्या, सात दिवसांत शुगर गायब, गोळ्या बंद’ असे सांगणारा. तो हसवत नाही, गोड आवाजात बोलतो, आणि शेवटी एक बाटली विकतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद केले तर माणूस थेट अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो. कारल्याचा रस आवडत असेल तर प्यावा. गोळी सोडू नये. आणि काहीही विकत न घेता खात्री करायची असेल तर सरकारी दवाखान्यात साखर तपासून घ्यावी.

आणखी एक प्रकार सध्या फार चालतो. शांत संगीत, पांढरे कपडे, आणि सांगणे असे की मांस-मासळी खाणाऱ्याचे शरीर आणि बुद्धी दोन्ही जड होतात. यात आहारशास्त्र थोडे आणि सोवळे जास्त. मांसातले, विशेषतः कलेजीतले लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज घेते, हे कोणत्याही आहारतज्ज्ञाला विचारा. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतले जेवण पाककृतींसह लिहून ठेवले. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. ज्या पदार्थांची नावे आपण चारचौघांत दबक्या आवाजात घेत होतो, ते पुस्तकात आले. मग रीलमध्ये का येऊ नयेत? आजीला चुलीपुढे किंवा गॅसपुढे बसवा. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, हे तिच्या बोलण्याखाली लिहून टाका. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळायला सांगा, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणानंतर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. सुक्या बोंबलात निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचे असते, पण मीठही तसेच असते. म्हणून करण्याआधी ते कोमट पाण्यात भिजवून, पाणी टाकून, पुन्हा एकदा धुवावेत आणि कालवणात वरून मीठ चाखूनच घालावे. रक्तदाब असलेल्यांनी तर ही पायरी मुळीच गाळू नये.