विजेवर चालणारी गाडी आणि आपल्या घरचा स्विचबोर्ड

पेणहून नागोठण्याकडे जाताना महामार्ग आणि पनवेल-रोहा रेल्वेमार्ग यांच्या सोबतीने कासू लागते. येथील माणूस नोकरीसाठी, दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी कधी पेणला जातो, कधी नागोठण्याला, तर कधी रोह्याला. गेल्या काही वर्षांत या वाटेवर विजेवर चालणाऱ्या स्कूटर आणि रिक्षा दिसू लागल्या आहेत, क्वचित एखादी मोटारही दिसते. पेट्रोलच्या खर्चाने जेरीस आलेल्या कुटुंबाला अशी गाडी घ्यावीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. गाडी घेताना आपण किंमत विचारतो, हप्ता विचारतो, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते हेही विचारतो. परंतु ती रात्री घरातल्या कोणत्या सॉकेटला लागणार आणि त्या सॉकेटमागची वायर किती जुनी आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात आपण त्याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत.

एका दिव्यापासून सुरुवात

वीज आपल्या जिल्ह्याला नवी नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. ही तिन्ही केंद्रे आजच्या रायगड जिल्ह्यातच आहेत. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना गेली, आणि आपल्या वाड्या-वस्त्या मात्र कित्येक दशके रॉकेलच्या दिव्यावर राहिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. देशाला स्वस्त आणि भरपूर वीज मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत व दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारची कुटीर ज्योती योजना आली आणि दारिद्र्यरेषेखालील अनेक घरांना एका दिव्याची जोडणी मिळाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आपल्यापैकी अनेकांच्या घरचे वायरिंग याच एका दिव्यापासून वाढत गेले आहे. दिव्यानंतर पंखा आला, मग टीव्ही, मिक्सर, फ्रिज आणि पाण्याचा पंप आला. प्रत्येक वेळी जुन्याच वायरीला नवा फाटा जोडला गेला आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळली गेली. लाकडी बोर्ड, किटकॅट फ्यूज आणि नुसते नावाला तीन भोकांचे सॉकेट अजूनही अनेक घरांत आहेत. इतकी वर्षे ते चालले म्हणून ते चांगलेच आहेत, असा आपला समज होतो. विजेवरची गाडी नेमकी या समजाची परीक्षा घेते.

भार किती आणि किती वेळ

आपल्या घरी येणारा वीजदाब २३० व्होल्ट असतो. उपकरणाच्या वॅटला २३० ने भागले की ते किती अँपिअर प्रवाह ओढते हे कळते. ६० वॅटचा जुना बल्ब पाव अँपिअर घेतो. स्कूटरचा चार्जर ७५० वॅटचा धरला तर तो सुमारे सव्वातीन अँपिअर घेतो. मोटारीसोबत मिळणारा घरगुती चार्जर ३.३ किलोवॅटचा धरला, तर तो १४ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतो.

कोणी म्हणेल की, दोन हजार वॅटचा गिझरही आपण चालवतोच. फरक वेळेचा आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो आणि वायर पुन्हा थंड होते. मोटारीची ३० युनिटची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर रिकामीपासून भरायला नऊ ते दहा तास लागतात. एवढा वेळ, सर्व घर झोपलेले असताना, तोच प्रवाह त्याच वायरीतून अखंड वाहत राहतो. घरातील दुसरे कोणतेही उपकरण इतका मोठा भार इतका वेळ घेत नाही.

सैल जोडाचे गणित

विद्यार्थ्यांनी येथे शाळेतील एक सूत्र आठवावे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे त्या ठिकाणी निर्माण होणारी उष्णता. समजा, बोर्डातील एक स्क्रू सैल आहे आणि त्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आहे. बल्ब लावला तर तेथे एका वॅटच्या शंभराव्या भागाच्या तीनपट, म्हणजे नगण्य उष्णता निर्माण होते. स्कूटर लावली तर सुमारे ५ वॅट होते. मोटार लावली तर सुमारे १०० वॅट! बंद प्लॅस्टिकच्या डबीत १०० वॅटचा बल्ब रात्रभर जळत ठेवावा, तसाच हा प्रकार होय. जोड तापला की स्क्रू आणखी सैल होतो, रोध वाढतो आणि उष्णता आणखी वाढते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या दोषात फ्यूज उडत नाही आणि एमसीबीही पडत नाही. एमसीबी प्रमाणाबाहेर वाढलेल्या प्रवाहाला पडतो. येथे प्रवाह नेहमीएवढाच असतो, जळतो तो फक्त जोड. म्हणून नवा एमसीबी बसवला, आता निर्धास्त झोपा, असे म्हणता येत नाही.

आम्हालाही हे अनुभवानेच कळले. घरात स्कूटर काही आठवडे साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होत होती. एके दिवशी सकाळी पिन काढताना ती चटका बसण्याइतकी तापलेली लागली. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड उघडला तेव्हा सॉकेटची मागची बाजू तपकिरी झाली होती आणि वायरीचे आवरण कडक होऊन तुटत होते. बाहेरून बोर्ड अगदी स्वच्छ दिसत होता. त्या बोर्डाशेजारीच मुलांचे अंथरूण असे.

अर्थिंगचा प्रश्न

दुसरा धोका धक्क्याचा आहे. गाडीचे अंग धातूचे, ती उभी अंगणात आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. चार्जरमध्ये किंवा केबलमध्ये दोष होऊन फेज गाडीच्या अंगाला लागली, तर तो प्रवाह जमिनीत जाण्याची वाट म्हणजे अर्थिंग. ही वाट नसेल तर ओल्या जमिनीवर उभा राहून गाडीला हात लावणारा माणूसच ती वाट बनतो.

अर्थिंग आहे, पण त्याचा रोध २० ओहम आहे असे समजा. उन्हाळ्यात मुरमाड जमीन सुकली की असे सहज होते. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. एवढ्या प्रवाहाला २० अँपिअरचा एमसीबी पडत नाही आणि गाडीच्या अंगात वीज तशीच राहते. या प्रसंगी उपयोगी पडतो तो आरसीसीबी. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या सुमारे तेहतिसाव्या भागाचा फरक पडला तरी तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत वाहन चार्जिंग केंद्रांसाठी हे संरक्षण आवश्यक मानले आहे. तोच दंडक आपण घरीही पाळावा.

येथे एक कळकळीचा इशारा द्यावासा वाटतो. अर्थिंग नसेल तर अनेक गाड्या चार्जिंग घेतच नाहीत. त्यावर तोडगा म्हणून काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देतात. गाडी चार्ज होते, पण मागे कोठे न्यूट्रल तुटले तर गाडीच्या संपूर्ण अंगात २३० व्होल्ट येतात. ही युक्ती कोणी सुचवली तर तिला स्पष्ट नकार द्यावा.

काम कोणत्या क्रमाने करावे

१. गाडीची नोंदणी करण्यापूर्वी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मीटरपासून शेवटच्या सॉकेटपर्यंत तपासणी करून घ्यावी. वायरीचे इन्सुलेशन आणि अर्थिंगचा रोध ही दोन्ही मापे कागदावर लिहून घ्यावीत.

२. अर्थिंग प्रथम. ते नसेल किंवा निकामी असेल तर नवे करावे. मीटरजवळचे वीज कंपनीचे अर्थिंग आपले समजू नये.

३. लाकडी बोर्ड व किटकॅट काढून धातूची किंवा चांगल्या प्रतीची वितरण पेटी बसवावी. तीत मुख्य स्विच, आरसीसीबी आणि दिवे, पंप, गाडी यांसाठी वेगवेगळे एमसीबी असावेत.

४. गाडीसाठी पेटीपासून थेट स्वतंत्र तांब्याची वायर टाकावी. मध्ये एकही जोड नसावा. सोळा अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरतात, परंतु रात्रभराचा भार लक्षात घेता ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि तिला २० अँपिअरचा एमसीबी लावावा.

५. गाडीच्या वायरीला स्वतंत्र आरसीसीबी असणे अधिक चांगले. तो निदान 'ए' प्रकारचा असावा. मोटारीच्या चार्जरला कोणता प्रकार लागतो हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर तो पडला नाही तर त्वरित बदलावा.

६. सॉकेट सोळा अँपिअरचे, झाकणाचे, जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच आणि पुराचे पाणी जेथवर येते त्या खुणेच्याही वर असावे. खाडीकडच्या खाऱ्या हवेत पितळी भाग लवकर गंजतात, म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मेन बंद करून वायरमनकडून सर्व स्क्रू आवळून घ्यावेत.

७. एक्स्टेंशन बोर्ड, गल्ली ओलांडून टाकलेली वायर आणि खिडकीतून सोडलेली केबल यांचा वापर करू नये. स्कूटरची सुटी बॅटरी घरात चार्ज करायची झाल्यास ती दारापाशी, जिन्यात किंवा झोपण्याच्या जागी ठेवू नये.

मंजूर भार आणि बिल

आपल्या वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. रात्रीचे पंखे, दिवा आणि फ्रिज मिळून सुमारे ४०० वॅट धरा. त्यात मोटारीचे ३३००, सकाळी गिझरचे २००० आणि पंपाचे ५५० मिळवले की बेरीज ६२५० वॅट, म्हणजे सुमारे २७ अँपिअर होते. मंजूर भार एक-दोन किलोवॅटचा असेल तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घेणे आवश्यक आहे. सिंगल फेज जोडणी साधारणपणे ४० अँपिअरपर्यंतच मिळते. त्यामुळे ३१ अँपिअर ओढणारा ७.२ किलोवॅटचा चार्जर बहुतेक घरांना थ्री फेजशिवाय झेपणार नाही, आणि रात्रभर गाडी उभीच राहणार असेल तर त्याची गरजही नाही. स्कूटरसाठी सहसा भार वाढवावा लागत नाही, मात्र स्वतंत्र वायर, अर्थिंग व आरसीसीबी तिलाही हवेत.

घरच्या मीटरवर गाडी चार्ज करण्यास परवानगी आहे आणि तिला घरगुती दरच लागतो. परंतु आपल्याकडे १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनंतर दर चढत जातो. रोज ३० किलोमीटर धावणारी स्कूटर महिन्याला अंदाजे ३० युनिट घेते. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी मोटार अंदाजे १५० युनिट घेते. आपले बिल कोणत्या टप्प्यात जाईल हे आधीच मांडून पाहावे.

हा सर्व खर्च जड वाटेल हे आम्ही जाणतो. हप्त्यावर गाडी घेणाऱ्या कुटुंबाला वरचे काही हजारही मोठेच असतात. म्हणूनच आमची सूचना अशी की, हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. तेवढे पैसे नसतील तर गाडी दोन महिने उशिरा घ्यावी. ज्यांच्या घराला अंगणच नाही अशा चार-पाच कुटुंबांनी मिळून वस्तीत एक सुरक्षित जागा निवडावी व वाहन चार्जिंगच्या वर्गवारीतील स्वतंत्र मीटर घेता येईल का, याचा विचार करावा.

विद्यार्थी मित्रांनो, वाचून लगेच बोर्ड उघडण्याचा मोह आवरा. परवाना नसलेल्या हाताने केलेले काम हेच अनेक अपघातांचे मूळ असते. परंतु आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण करून रीतसर परवाना मिळवलात, तर येत्या काळात हे काम गावोगावी निघणार आहे. ज्या वस्तीत वीज एका दिव्याच्या रूपाने उशिरा आली, तेथील मुलांनी आता घराघरांतील वायरिंग निर्दोष करण्याची विद्या हस्तगत करावी, ही आमची अपेक्षा.

अभ्यासासाठी

१. आपल्या बिलावरील मंजूर भार पाहा. घरातील सर्व उपकरणांच्या वॅटची बेरीज करून त्याच्याशी ताडून पाहा.

२. सैल जोड तापत असताना एमसीबी का पडत नाही, हे घरातील मोठ्यांना समजावून सांगा.

३. अर्थिंगचा रोध ५० ओहम असेल तर दोषाच्या वेळी किती प्रवाह वाहेल? त्या वेळी २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांपैकी कोणता पडेल?